लिफ्टचा मिस्त्री आणि तेलावर उभी राहणारी गाडी

आषाढ लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या ट्रॅक्टर गॅरेजांत येणारी तक्रार ठरलेली असते. लिफ्ट उचलत नाही. किंवा उचलते, पण टिकत नाही. रोटाव्हेटर हळूहळू खाली येऊन जमिनीला टेकतो. बांधीत पाणी साचलेले, पऱ्हे वाढून चाललेले, रोवणी तोंडावर आलेली, म्हणून ट्रॅक्टर त्याच दिवशी हवा असतो. जाणता मिस्त्री तरीही गडबडत नाही. आधी तेलाची पातळी बघतो, मग गाळणी काढून धुतो, मग पंप, मग कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सगळ्यात शेवटी सिलिंडरचे सील. हा क्रम चुकला तर लिफ्टचे जड कव्हर उगाच उघडावे लागते आणि रोग सापडतो तो भलतीकडेच, दोनपाचशे रुपयांच्या गाळणीत.

हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्याला जगातल्या सगळ्यात अवघड म्हणून बदनाम झालेल्या एका मोटारीचे अर्धे काम आधीच येते, असे माझे ठाम मत आहे. ती मोटार म्हणजे सिट्रोएन डीएस. तिला पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग नाही, आपल्याकडे ज्याला शॉकअप म्हणतात तेही वेगळे नाहीत. ती तेल आणि नायट्रोजन यांच्यावर उभी राहते. इंजिन बंद करून रात्रभर ठेवली की सकाळी पोट जमिनीला लावून बसलेली दिसते. चावी फिरवली की आधी मागून, मग पुढून उठते.

५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि पहिल्या दिवसाअखेर सुमारे बारा हजार मागण्यांची नोंद झाली. १९७५ पर्यंत साडेचौदा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. तिचा देह घडवला फ्लामिनियो बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने, आखणी होती विमानांच्या कामातून आलेल्या आंद्रे लफेव्र यांची. पण मला त्यातला तिसरा माणूस सर्वांत जवळचा वाटतो. त्याचे नाव पॉल माजेस. इंजिनिअरिंगची पदवी नसलेला हा मुलगा १९२५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सिट्रोएनमध्ये लागला आणि कामातूनच शिकत गेला. चाळीसच्या दशकात त्याच्याकडे सस्पेन्शनचा प्रश्न सोपवला गेला आणि त्याने स्प्रिंगच काढून टाकली. १९५४ मध्ये सिट्रोएनच्या जुन्या ट्रॅक्सियाँ गाडीच्या मागच्या चाकांवर हा प्रयोग विक्रीला आला, आणि वर्षभरात डीएसच्या चारही चाकांवर.

त्याने केले ते असे. प्रत्येक चाकाच्या हातावर एक सिलिंडर, त्याच्या टोकाला नारळाएवढा लोखंडी गोळा. गोळ्याच्या आत रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगाला दाबलेला नायट्रोजन, दुसऱ्या अंगाला तेल. चाक खड्ड्यात गेले किंवा दगडावर चढले की सिलिंडरातला दट्ट्या तेल ढकलतो. तेल काही दबत नाही, ते पडद्याला रेटते आणि नायट्रोजन दबतो. म्हणजे स्प्रिंगचे काम वायू करतो आणि त्याच्यापर्यंत जोर पोचवण्याचे काम तेल करते. गोळ्याच्या तोंडाशी बारीक भोकांचा एक व्हॉल्व्ह असतो, त्यातून तेल जाता-येता अडते; तोच शॉकअप.

यात खरी बुद्धी आहे ती उंची राखण्यात. साध्या गाडीत मागे चार माणसे आणि दोन पोती टाकली की मागची बाजू बसते आणि दिव्यांचा झोत आभाळाकडे जातो. डीएसमध्ये गाडी बसू लागली की अँटी-रोल बारला जोडलेली एक बारीक सळई उंचीच्या व्हॉल्व्हमधला दट्ट्या सरकवते, पंपाकडचे तेल सिलिंडरात शिरते, गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते आणि दट्ट्या आपोआप मध्यावर येऊन तेल बंद होते. ओझे उतरवले की उलट. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा पोझिशन कंट्रोल ज्याने उघडून पाहिला आहे त्याला हे वाचताना आत काहीतरी ओळखीचे हलले असेल. तिथेही हेच असते. दांडा एका जागी ठेवायचा, लिफ्टचे हात तिथवर पोचले की त्यांनाच जोडलेला दुवा व्हॉल्व्ह बंद करतो. फरक इतकाच की माजेसने आपल्या व्हॉल्व्हला मुद्दाम मंद केले. तो काही सेकंद थांबून उत्तर देतो, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला गाडी वरखाली करत बसली असती.

दाबसुद्धा एकाच घरातला. डीएसचा पंप साधारण १७० बारला पोचला की रेग्युलेटर त्याला मोकळा सोडतो आणि दाब १४५ च्या आसपास उतरला की पुन्हा कामाला लावतो. आपल्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्येही दीडशे बारच्या वरचाच कारभार असतो. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांची गाडी आणि आमगाव-सालेकसा भागात धानाच्या बांधीत फिरणारा ट्रॅक्टर, दोघांच्या नळ्यांतून सारख्याच ताकदीचे तेल वाहते. राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख उगाच केलेला नाही. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामार येथे द गोल यांच्या डीएसवर गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले, आणि चालकाने ती तशीच सरळ रेषेत पळवून बाहेर काढली.

आता दुरुस्तीकडे येऊ. डीएस कडक चालायला लागली, प्रत्येक फटीचा धक्का कमरेला बसू लागला, की बहुतेक वेळा दोष गोळ्याचा असतो. रबरी पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षे झिरपत राहतो. इंजिन चालू ठेवून गाडीचा एकेक कोपरा हाताने दाबून पाहायचा. मऊ खाली गेला तर गोळा जिवंत, दगडासारखा राहिला तर वायू संपला. पंपाचा दाब साठवून ठेवणाऱ्या मुख्य गोळ्याची परीक्षा कानाने होते. इंजिन मंद चालत असताना रेग्युलेटर टक् असा आवाज करतो. दोन टक्-मधले अंतर चांगले लांब असायला हवे. दर दोन-तीन सेकंदांना आवाज येऊ लागला तर साठवणीच्या गोळ्यात दाब धरायला वायू उरलेला नाही, पंप बिचारा सारखा धावतो आहे.

डीएसचे जुने गोळे दोन अर्धांचे, आट्यांनी जोडलेले असत. ते उघडून पडदा बदलता येतो आणि पुन्हा वायू भरता येतो. पुढे कंपनीने एकसंध गोळे आणले. ते उघडत नाहीत. मला जुनी पद्धत अधिक सन्मानाची वाटते, कारण ती दुरुस्त करणाऱ्यावर विश्वास ठेवते. गोळा कुठला त्यावर भरायचा दाब अवलंबून: मागच्या चाकाचा २६ बार, पुढचा ५९, साठवणीचा ६५. टायरमध्ये नायट्रोजन भरणारे दुकान इथे कामाचे नाही, त्याची झेप तिथवर पोचत नाही. पण एसी आणि फ्रिजची कामे करणाऱ्यांकडे गळती शोधण्यासाठी नायट्रोजनचा सिलिंडर असतो, त्यात दीडशे बारच्या आसपास वायू असतो. लागतो तो योग्य उच्चदाबाचा रेग्युलेटर आणि गोळ्याच्या आट्यांना बसणारा एक जोड, जो कोणताही चांगला टर्नर लेथवर करून देईल.

इथे एक गोष्ट खूप जोर देऊन सांगायला हवी. आपल्या गॅरेजांत गॅस कटिंगसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कायम उभा असतो. तो या कामाला कधीही लावायचा नाही. दाबलेला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. कॉम्प्रेसरची हवाही नको. फक्त नायट्रोजन. आणि गाडीची नळी सोडवण्याआधी तिच्या रेग्युलेटरवरचा स्क्रू सैल करून दाब उतरवायचा, कारण दीडशे बारचे तेल सुईच्या भोकातून निघाले तरी कातडी फाडून आत शिरते. गाडी उंच केलेली आहे म्हणून तिच्याखाली शिरायचे नाही. ती तेलावर उभी आहे, आणि तेल केव्हाही निघून जाऊ शकते. आधी लोखंडी घोड्या लावायच्या, मग अंग आत घालायचे. रोटाव्हेटर वर असताना त्याच्याखाली हात न घालणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र घाण. उंचीच्या व्हॉल्व्हमधला दट्ट्या आणि त्याचे घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते, तिथे रबरी सील नाही. अचूकपणा हाच सील. गोंदियासारख्या राइस मिलच्या शहरात हवेत कोंडा आणि भुशाची धूळ कायम तरंगत असते. उघडलेल्या नळीचे तोंड पाच मिनिटे तसेच राहिले तरी नुकसान होते. म्हणून नळी सुटली की लगेच बूच, सुटे भाग झाकलेल्या ताटात, पुसायला धागे न सोडणारे कापड. गळती बहुधा उच्चदाबाच्या नळीतून होत नाही. ती होते टाकीकडे परत येणाऱ्या जुन्या रबरी नळ्यांतून, ज्यांत दाब जवळजवळ नसतोच. त्या उन्हाने आणि वयाने तडकतात. त्या बदलणे हे कष्टाचे काम आहे, अवघड नाही.

तेलाची कथा तर आपल्या मातीशी येऊन भिडते. डीएसचे पहिले तेल वनस्पतिजन्य होते, त्याच्या मुळाशी एरंडेल. मग लाल रंगाचे कृत्रिम तेल आले. दोन्ही हवेतली ओल शोषून घेत आणि आतून गंज चढे. १९६६ पासून सिट्रोएनने हिरवे खनिज तेल आणले, त्याचे नाव एलएचएम, आणि त्या गाड्यांचे हायड्रोलिकचे भागही हिरव्या रंगाने रंगवले. लाल गाडीत हिरवे किंवा हिरव्या गाडीत लाल तेल गेले, तर सगळे रबर फुगून मऊ पडते आणि मग एकेक सील बदलत बसावे लागते. आपल्याकडचे ब्रेक ऑइल हिरव्या गाडीत ओतणे म्हणजे तिला विष घालणे. ट्रॅक्टरच्या लिफ्टचे तेलही चालणार नाही, ते फार घट्ट. एलएचएम आजही बनते.

एरंडेल मात्र सिट्रोएनच्या दुसऱ्या एका गाडीत राहिले, आणि गोंदियाच्या माणसाने मनापासून प्रेम करावे अशी गाडी तीच आहे. तीसच्या दशकात कंपनीचे उपाध्यक्ष पिएर-ज्यूल बुलांजे यांनी फ्रान्सच्या खेड्यांतला शेतकरी घोडागाडी आणि हातगाडी घेऊन बाजाराला जाताना पाहिला आणि आपल्या इंजिनिअरांना मागणी घातली: दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन ताशी साठ किलोमीटरने जाईल, तीन लिटर पेट्रोलमध्ये शंभर किलोमीटर जाईल, आणि नांगरलेल्या वावरातून टोपलीभर अंडी नेली तर एकही फुटणार नाही अशी गाडी करा. १९३९ मध्ये अडीचशे नमुने तयार झाले, तेवढ्यात युद्ध पेटले आणि जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून ते मोडले, लपवले गेले. १९४८ च्या ऑक्टोबरात ती टू-सीव्ही नावाने लोकांपुढे आली. ३७५ सीसीचे, हवेने थंड होणारे दोन सिलिंडरचे इंजिन, ताकद नऊ अश्वशक्ती. शहरी पत्रकार हसले. शेतकऱ्यांनी मात्र वर्षानुवर्षे वाट पाहून ती घेतली. २७ जुलै १९९० ला पोर्तुगालच्या मांग्वाल्दे कारखान्यात शेवटची गाडी बनली, तोवर आकडा अडतीस लाखांपुढे गेला होता.

तिच्या सस्पेन्शनमध्ये तेलाचा दाब नाही, वायू नाही, पंप नाही. गाडीच्या प्रत्येक अंगाला तळाशी एक आडवा नळकांडा, त्यात दोन स्प्रिंगा. एकीची सळई पुढच्या चाकाच्या हाताला, दुसरीची मागच्या. नळकांडा स्वतःही थोडा पुढेमागे सरकतो. पुढचे चाक धुऱ्यावर चढले की सळई नळकांड्याला ओढते, आणि मागचे चाक जमिनीकडे रेटले जाते. पुढचे आणि मागचे चाक असे एकमेकांना कळवत राहतात, आणि वरची माणसे समतल राहतात. मला ही कल्पना डीएसपेक्षाही मोठी वाटते, कारण तिला जपायला जवळजवळ काहीच लागत नाही. सळईच्या टोकाशी सुरीच्या धारेसारखे सांधे असतात, ते कोरडे पडले की प्रत्येक खड्ड्याला करकरतात, ग्रीस लावायचे. किंगपिनला नेमाने ग्रीसगन लावायची, नाहीतर तेच पहिले झिजते. आणि नळकांड्यातल्या स्प्रिंगा वाजू लागल्या तर आत एरंडेल सोडायचे, कारण ते रबरी टोप्यांना खात नाही. जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती भारतात.

१९७० मध्ये सिट्रोएनने पॅरिस ते काबूल आणि परत अशी टू-सीव्हींची मोहीम काढली, शेकडो गाड्या आणि हजारावर तरुण. त्या काळात पश्चिमेकडून खुश्कीच्या मार्गाने गोव्याकडे येणाऱ्यांतही ही गाडी असे. पण ती आपल्या देशात कधी बनली नाही. अर्जुनी मोरगावच्या किंवा सडक अर्जुनीच्या शेतकऱ्याला एका बांधीतून दुसरीकडे पऱ्ह्यांच्या पेंढ्या न्यायला, शंकरपटाला घरची मंडळी न्यायला अशी गाडी मिळाली असती तर काय झाले असते, हा विचार मी सोडू शकत नाही. आपल्या वाट्याला आली ती भाराने बसणारी, पाट्यांवर आदळणारी वाहने. आपण ती चालवून घेतली, पण आपल्या रस्त्याचा विचार करून गाडी मागण्याची ताकद आपल्यात नव्हती. बुलांजेंनी शेतकऱ्याच्या वतीने मागणी घातली. आपल्या वतीने कुणी घातली नाही.

महाराष्ट्रात फ्रेंच गाडी बनली खरी, आणि तिचे जे झाले ते या सगळ्या लेखाचे कारण आहे. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी निघाल्या, मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा तोच. १९९४ मध्ये याच कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायला घेतली. १.४ लिटर पेट्रोल किंवा १.५ लिटर डिझेल इंजिन, प्रशस्त बैठक, आणि रस्ता गिळणारी चाल. उदारीकरणाची ती सुरुवातीची वर्षे होती. पद्मिनीतून उतरून ३०९ मध्ये बसलेल्या माणसाला आपण दुसऱ्या देशात आलो असे वाटे. कामगारांचे तंटे, वितरणाचे घोळ, मालकी आणि भागीदारीचे वाद यांत सगळे अडकत गेले आणि १९९७ मध्ये प्यूजो बाहेर पडली. तीन वर्षांत खेळ संपला. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून गाडी घेतली, त्यांच्या हातात चावी राहिली आणि मागे कंपनी उरली नाही.

३०९ च्या मागच्या सस्पेन्शनमध्येही स्प्रिंग दिसत नाही. आडव्या नळीच्या पुढे आणि मागे तिला समांतर दोन पोलादी दांडे असतात. चाक वर गेले की दांडा पिळला जातो आणि पिळातून परत येण्याचा जोर म्हणजेच स्प्रिंग. शॉकअपसुद्धा जवळपास आडवे झोपलेले, त्यामुळे डिकी सपाट आणि मोठी. ही टॉर्शन बारची रीत फ्रेंचांची जुनी लाडकी आहे. १९३४ च्या ट्रॅक्सियाँला ती होती. १९६१ च्या रेनॉ ४ मध्ये तर मागचे दोन दांडे एकापुढे एक ठेवल्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला जवळजवळ पाच सेंटिमीटरने वेगळे भरे, आणि ती तशीच लाखोंनी विकली गेली.

३०९ चा रोग या आडव्या नळीत होतो. चाकाचा हात नळीत सुईच्या बेअरिंगांवर फिरतो. सील जुने झाले की पावसाचे पाणी आत जाते, ग्रीस वाहून जाते, बेअरिंग गंजतात आणि हाताचा दंडगोल खाऊ लागतात. आधी करकर ऐकू येते. मग मागून पाहिले की दोन्ही चाके वरच्या बाजूने आत कललेली दिसतात आणि टायर आतल्या काठावर झिजतात. हे वेळीच ओळखले तर बेअरिंग, सील आणि ग्रीस एवढ्यात भागते. उशीर झाला तर दंडगोल लेथवर घासून त्यावर बाही बसवावी लागते, किंवा सगळी आडवी नळीच नवी. दांडे काढताना डावा-उजवा ओळखून खूण करायची आणि पुन्हा बसवताना दात मोजायचे, कारण एक दात चुकला तरी गाडी एका अंगाला झुकते. यातले काहीही चांगल्या टर्नरच्या आवाक्याबाहेरचे नाही.

तरीही या गाड्या झपाट्याने दिसेनाशा झाल्या, आणि त्यातही एक शिकण्यासारखा फरक पडला. ३०९ चे डिझेल इंजिन ज्या कुळातले, त्याच कुळातले इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत घातले. त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग, त्याची माहिती, ते उघडलेले हात देशभर तयार झाले. मागच्या आडव्या नळीला मात्र असे कुणी भावंड मिळाले नाही. तिचा सील कोणत्या मापाचा, बेअरिंगचा क्रमांक काय, दांड्याला किती दात, हे सांगणारा कागद मिस्त्रीपर्यंत पोचलाच नाही. गाडी अवघड होती म्हणून मेली नाही. डीएससारखी खरोखर अवघड गाडी युरोपात आजही धावते, कारण तिचे पडदे, सील, नळ्या, रबरी टोप्या नव्याने बनवणारे छोटे कारखाने आहेत आणि प्रत्येक भागाचे चित्र असलेली पुस्तके कुणालाही मिळतात. सिट्रोएनने स्वतः हे सस्पेन्शन २०१७ मध्ये बंद केले, तरी मालकांनी ते बंद होऊ दिले नाही. २०२१ मध्ये सिट्रोएन भारतात सी-५ एअरक्रॉस घेऊन आली. तिच्यात साध्या स्प्रिंगांबरोबर शॉकअपच्या टोकांना हायड्रोलिक उशा दिल्या आहेत. आराम चांगला आहे, पण गोळे नाहीत, उंची राखणारा व्हॉल्व्ह नाही.

म्हणून आयटीआयच्या डिझेल आणि ट्रॅक्टर मेकॅनिकच्या वर्गात कापून उघडा केलेला एक गोळा आणि एक उंचीचा व्हॉल्व्ह टेबलावर असावा असे मला फार वाटते. त्याच्या शेजारी ट्रॅक्टरचा कंट्रोल व्हॉल्व्ह ठेवावा. मुलांना एका तासात कळेल की दोन्हींत एकच विचार आहे, आणि ट्रॅक्टरची लिफ्ट शिकताना आपण जगातल्या उत्तम अभियांत्रिकीच्या आतच बसलो आहोत.

जुन्या गाड्यांना कायद्याने अलीकडे थोडा आसरा दिला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपातली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर आणायची. डीएसची शेवटची गाडी १९७५ ची, म्हणजे वयाच्या अटीत सगळ्या डीएस बसतात. कल्याणच्या ३०९ ला मात्र हा आसरा २०४४ च्या आधी मिळणार नाही. तोवर गोंदियाचा एमएच ३५ असो वा कुठलाही क्रमांक, जी गाडी कुणाच्या शेडमध्ये उभी असेल तिला साध्या जुन्या गाडीसारखेच फिटनेसला उभे राहावे लागेल, आणि मागची चाके आत कललेली असतील तर तिथेच अडेल. तिच्या मालकाने आज करायचे काम एवढेच आहे: पावसाळ्याआधी मागची नळी उघडून घ्यावी, सील आणि बेअरिंगची मापे कॅलिपरने घेऊन वहीत लिहावीत, आणि ती वही मिस्त्रीकडे ठेवावी.